उतारा

तीस वर्षं मी टपालखात्यात पत्ते वाचले.
दाना ओली, हुजरात पूल, जीवाजीगंज –
पाकिटाच्या आत काय आहे
हे विचारायचं नसतं, ही तिथली पहिली शिस्त.
आता दर रविवारी लष्करात, मंडळाच्या हॉलमध्ये
अकरा मुलांना मी उलटं शिकवते:
पत्ता राहू दे, पाकीट फोडा.

भिंतीवर माझ्याच हातचा तक्ता.
वाचताना थांबा. पुढं काय होईल, अंदाज करा.
डोळे मिटून चित्र बघा.
शब्द अडला तर शेजारच्या शब्दांना विचारा.
(स्केचपेन संपलं म्हणून शेवटची ओळ फिकट:
आपल्या शब्दांत सांगा.)

जानेवारी. धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलेलं.
ऋजुता लघाटे उतारा वाचते –
स्वच्छ, ण वेगळा, न वेगळा, पूर्णविरामाला पूर्ण विराम:
‘गुरुजींनी गणूला शिक्षा केली.
वर्गाने त्याची चेष्टा केली.
गणूला राग आला.
तो नुसता खाली बसून राहिला.’
छान, मी म्हणते. काय झालं यात?
ऋजुता तेच वाचते पुन्हा, त्याच सुरात,
दाराशी आलेल्या पोस्टमननं
पत्ताच म्हणून दाखवावा तसं.

मग हेरंब जाचक उठतो.
अक्षरांना ठेचकाळणारा, जोडाक्षर दिसलं की श्वास धरणारा,
आठवडाभर हिंदी शाळेत,
संध्याकाळी दौलतगंजात वडलांच्या दुकानात
पेट्यांचे फाटके भाते चिकटवणारा.

‘गुरुजींनी गणूला शिकवलं,’ तो म्हणतो.
‘त्याला येत नव्हतं,
म्हणून सगळ्या वर्गानं त्याच्यासाठी खूप प्रयत्न केला.
मग त्याला एक राग आला.’
कुठला? – मागून कुणीतरी.
‘ते लिहिलेलं नाही. शाळा सकाळची असेल, तर भैरव.’
आणि मग नुसता बसून का राहिला?
‘खालीच बसणार ना, बाई.
पप्पा पण पेटी सुरात लागली की
हात रिकामे ठेवून बसतात थोडा वेळ.
लगेच दुसरी उघडत नाहीत.’

कुणी हसलं नाही.
निम्म्यांना तेच वाटलं होतं.
मी तक्त्याकडे पाहिलं.
थांबला होता. अंदाज केला होता. चित्र तर मलाही दिसलं होतं.
शेजारच्या शब्दांना विचारलं होतं त्यानं,
आणि शेजारी सगळे त्याच्याच गल्लीतले निघाले.
उत्तरसूचीप्रमाणे चार गुण.
मी पेन्सिल टेकवली. उचलली.

सांगावं तर लागतंच. सांगितलं.
शिक्षा म्हणजे सजा. चेष्टा म्हणजे मजाक उडाना.
राग म्हणजे गुस्सा, खाली म्हणजे नीचे.
फळ्यावर एकेक शब्द लिहिताना वाटलं,
या थंडीत गणूच्या अंगावरचं
एकेक पांघरूण मीच ओढून काढते आहे.

हेरंबनं सगळं वहीत घेतलं, जोडाक्षरांसकट.
उतारा पुन्हा वाचला, मनात, ओठ हलवत.
‘पण बाई, त्यानं केलं काय होतं?’

उताऱ्यात नव्हतं.
खालच्या पाच प्रश्नांतही नव्हतं.
गेल्या वर्षी हाच उतारा घेतला होता मी,
त्याच्या आदल्या वर्षीही.
गुण अजून भरलेले नाहीत.

घरी येताना नई सडकवर
एका बंद शटरवर खडूनं लिहिलेलं: दुकान खाली है.
साठ वर्षं या गावात काढून
मी वाकले, आणि
तळघराच्या पायऱ्या शोधू लागले.